बर्फासकट

जोडी : आई, शेवटचे काही सेकंद फक्त कापायचे आहेत. बाकी सगळा व्हिडिओ तसाच राहील.

व्हर्ना : कोंबडी कापतानाही असंच म्हणतात. मान तेवढी. बाकी तशीच.

जोडी : मस्करी नको. मी स्पर्धेच्या कमिटीचा निरोप घेऊन आलेय. लोकांची मतं मोजून झाली. तू पहिली आहेस. रॉचेस्टरचा तो दातांचा डॉक्टर दुसरा, आणि तोही बराच मागे. संध्याकाळी नाव जाहीर करायचंय. त्याआधी तेवढा तुकडा काढून हवाय त्यांना.

व्हर्ना : कुठला तुकडा?

जोडी : तुला माहितीये कुठला.

व्हर्ना : तुझ्या तोंडून ऐकू दे. एवढा चढ चढून वर पाठवलंय तुला तर निरोप नीट पोचव.

जोडी : बर्फाचा. तू जॅमच्या ग्लासात वाइन ओततेस, त्यात बर्फ टाकतेस. तोही गुलाबी, कुठून आणलास देव जाणे. आणि मग बोटानं ढवळतेस.

व्हर्ना : चमचा धुवायला पडला असता.

जोडी : आई, वाइनप्रेमींची स्पर्धा आहे ही.

व्हर्ना : मग मी कोण? वाइनची सवत? चाळीस हंगाम तोडणी केलीय मी या उतारावर. नियम काय होता तुमचा? तूच वाचून दाखवलास मला इथं बसून. आपल्या तलावाकाठची कुठलीही वाइन घ्या, घरी जशी पिता तशी पिऊन दाखवा, घरच्या फोननं काढा, दोन मिनिटांत संपवा. मी ओट्यावर फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला, नाव सांगितलं, कटॉबा द्राक्षांच्या वाइनची बाटली दाखवली, आणि प्यायले. जशी पिते तशी. यात चुकलं काय?

जोडी : चुकलं काही नाही. फक्त ते तसं…

व्हर्ना : बोल, बोल. गावंढळ दिसतं.

जोडी : मी नाही म्हटलं. कमिटीचे व्हिटलॉक म्हणाले. तेही या शब्दांत नाही. पहिला आलेला व्हिडिओ वर्षभर तलावाकाठच्या प्रत्येक वायनरीत दाखवणार आहेत ना, पाहुण्यांसमोर. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं खपून आपण इथल्या वाइनला नाव मिळवून दिलं. आता न्यूयॉर्कहून माणसं येणार आणि बघणार काय, तर एक बाई गोड वाइनमध्ये बर्फ घालतेय.

व्हर्ना : आपण मिळवून दिलं म्हणे. व्हिटलॉक इथं आला तेव्हा तुझ्या बाबांचे गुडघे जाऊन झाले होते. आयत्या बिळावर नागोबा. आल्याबरोबर मंडळ काढलं आणि स्वतःच अध्यक्ष झाला.

जोडी : माणूस वाईट नाही गं तो.

व्हर्ना : वाईट कोण म्हणतंय? नाक मोठं आहे एवढंच. आणि त्या दातवाल्याचा व्हिडिओ बघितलास तू? ग्लास हलवतोय, हलवतोय, नाक आत घालतोय, वर बघतोय. मला वाटलं आत काही पडलंय त्याचं. मग म्हणतो, अहाहा, पेट्रोलचा वास येतोय.

जोडी : रीसलिंगच्या द्राक्षांची वाइन मुरली की तसा वास येतो. चांगली खूण मानतात ती.

व्हर्ना : मानू देत. त्यांच्या वाइनला पेट्रोलचा वास आला की डोळे मिटतात, आणि माझ्या वाइनला द्राक्षाचा वास आला की नाक मुरडतात. तू सांग, तुझं नाकावर पोट आहे. दिवसभर त्या वायनरीत उभी राहून लोकांना वास समजावतेस. द्राक्षाला द्राक्षाचा वास आला तर त्यात लाजण्यासारखं काय?

जोडी : काही नाही.

व्हर्ना : मोठ्यानं.

जोडी : काही नाही, आई. पण आज तो प्रश्नच नाहीये. आज प्रश्न शर्तीचा आहे. आठवतेय ना? मार्चमध्ये, याच टेबलावर.

व्हर्ना : मला विसरायचा आजार नाही. तुझा व्हिडिओ पहिला आला तर शेताच्या वरच्या तुकड्यातल्या कटॉबाच्या वेलींना हात लावणार नाही, असं तू म्हणालीस. नाही आला तर छाटणीची कात्री तुझ्या हातात, उपट काय उपटायचं ते आणि लाव तुझी रीसलिंग, असं मी म्हणाले.

जोडी : मग कळतंय का तुला मी काय सांगतेय? व्हिडिओतला तो तुकडा कापलास तर तू जिंकलीस. वेली राहिल्या. शर्त मी हरले. मी स्वतः हरायला आलेय इथं, आणि तू मला हरू देत नाहीयेस.

व्हर्ना : हरायची एवढी हौस कधीपासून लागली तुला? मार्चमध्ये तर नकाशा काढून आणला होतास. इथं रीसलिंग, इथं पाण्याची नळी, इथं गाड्या लावायला जागा.

जोडी : मार्चमध्ये मला वाटलं होतं तू शेवटून पहिली येशील. व्हिडिओत तुझं अर्धंच डोकं दिसतं. कुत्र्याची शेपटी तुझ्यापेक्षा जास्त दिसते.

व्हर्ना : त्याला कुणी शर्त घातली नव्हती, म्हणून मोकळेपणानं वागला.

जोडी : हस तू. मी तो व्हिडिओ कामावर बघितला, पिंपांच्या मागे उभी राहून. आणि लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते वाचत बसले. आमची आजी अशीच प्यायची. आमचे मामा अंगणात बसून अशीच प्यायचे. ही वाइन मिळते कुठे? एकीनं लिहिलंय, इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्याच घरचे अडाणी.

व्हर्ना : आणि तरी तू कापायला सांगतेस.

जोडी : वेली वाचाव्यात म्हणून सांगतेय.

व्हर्ना : पुढच्या वर्षी तुझी वायनरी कटॉबा घेणारच नाही म्हणून तूच घसा कोरडा केला होतास. वेली वाचवून काय, पक्ष्यांना घालू?

जोडी : तू काय म्हणाली होतीस तेव्हा?

व्हर्ना : पक्ष्यांना तरी चव आहे, म्हणाले होते.

जोडी : बरं, आता ऐक. आमच्या मालकांनीही बघितलाय व्हिडिओ. पहिला नंबर जाहीर झाला की ते कटॉबाबद्दल परत विचार करतील, असं त्यांनी मला सांगितलं. म्हणजे सगळं जमून आलंय. एक बर्फ तेवढा आडवा आहे.

व्हर्ना : जमून आलंय म्हणजे कसं? कटॉबा चालेल, पण तिला आमच्यासारखी सजवा. उंच ग्लासात घाला, देठ धरून उभ्या राहा, बर्फ लपवा. ती माझी कटॉबा नाही, जोडी. ती व्हिटलॉकच्या घरी सून म्हणून दिलेली कटॉबा.

जोडी : तू ना…

व्हर्ना : हो, मीच. तुला तो मोठा हिवाळा आठवतो? शाळेत होतीस. खालच्या सगळ्या नव्या बागा काळ्या पडल्या होत्या. आजही बघ, नोव्हेंबर आला की त्यांच्या रीसलिंगच्या बुडाशी कलमापर्यंत माती ओढतात, तान्ह्या पोराच्या गळ्याशी पांघरूण ओढतात तशी. वसंतात परत उपसतात. दरवर्षी. आणि आमच्या वेली कंबरभर बर्फात उघड्या उभ्या राहतात, नि मे आला की फुटतात. कुणी कधी विचारलं नाही त्यांना, थंडी वाजते का म्हणून. अशी वाइन बर्फाला घाबरेल?

जोडी : हे सगळं व्हिडिओत सांग ना. नवीन काढू, मी धरते फोन. पणजोबा हिवाळ्यात तलावातला बर्फ करवतीनं कापून भुशात पुरून ठेवायचे, आणि तोडणीच्या दुपारी पत्र्याच्या मगांत सगळ्यांना बर्फ घातलेली वाइन मिळायची, ते सांग. लोक रडतील. फक्त बर्फ दाखवू नकोस.

व्हर्ना : तो पणजोबांचा बर्फ नाहीये.

जोडी : मग कुणाचा आहे?

व्हर्ना : ती बरणी सरकव इकडे. द्राक्षं सोलायची राहिलीत अजून, जॅम आजच्या आज व्हायला हवा.

जोडी : आई. बर्फ कुणाचा आहे?

व्हर्ना : व्हिडिओत ग्लास किती आहेत?

जोडी : दोन. मला वाटलं दुसरा बघणाऱ्यांसाठी. या, बसा, असं म्हणायला.

व्हर्ना : बघणाऱ्यांना मी ओळखत नाही, त्यांना कशाला ओतू? तुझ्या बाबांचा आहे तो. ऑरिनचा.

जोडी : बाबांचा? मग बर्फ?

व्हर्ना : शेवटच्या महिन्यात त्यांच्या घशाखाली काही उतरत नव्हतं, आठवतं ना? पाणी दिलं तरी ठसका. डॉक्टर म्हणाले, आता फक्त बर्फ द्या, चोखायला. दोन दिवस दिला साधा बर्फ. तिसऱ्या दिवशी ऑरिननं तोंडच फिरवलं. बोलता येत नव्हतं, पण मला काय म्हणायचं ते नजरेनं म्हणाला. जन्मभर या उतारावर द्राक्षं पिकवली आणि तू मला नळाचं पाणी चोखायला लावतेस. मग मी काय केलं, फ्रीझरमधला तो निळा साचा घेतला. अर्धी कटॉबा, अर्धं पाणी.

जोडी : तू बाबांना वाइन दिलीस? त्या अवस्थेत?

व्हर्ना : डॉक्टर म्हणाले फक्त बर्फ. मी फक्त बर्फच दिला. कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

जोडी : निळा साचा. थांब. मी पण भरवलाय त्यातला. तू अंघोळीला गेली होतीस आणि मी खडा कापडात धरून त्यांच्या ओठांना लावत होते. मला वाटलं सरबत आहे कसलं तरी. ते हसले होते माझ्याकडे बघून.

व्हर्ना : हसणारच. सगळ्या तलावाकाठी जिच्या नाकाचा दबदबा, ती त्यांना कटॉबा चोखायला देत होती आणि तिलाच पत्ता नव्हता. तुला वास कसा आला नाही, याचंच मला नवल वाटत आलंय.

जोडी : मी रडत होते, आई. नाक बंद होतं माझं.

व्हर्ना : हं.

जोडी : मला सांगितलं का नाहीस?

व्हर्ना : तू सगळं नियमानं करणारी. नर्सला विचारायला गेली असतीस. ती नाही म्हणाली असती. मग मी काय केलं असतं, तिच्याशी भांडले असते का तुझ्याशी?

जोडी : आणि व्हिडिओतला बर्फ…

व्हर्ना : त्याच साच्यातला. थोडे खडे उरले होते, टाकवले नाहीत माझ्याच्यानं. दोन वर्षं मटारांच्या पिशवीमागे पडून होते. तुमचा नियम ऐकला, घरी जशी पिता तशी दाखवा, आणि म्हटलं, आमच्या घरी शेवटची अशी प्यायली गेली. मी काही रडगाणं गायलं नाही त्यात. नाव नाही घेतलं त्यांचं. दोन ग्लास ठेवले, दोन्हींत बर्फ घातला, आणि प्यायले. आता सांग, कुठून कापू?

(टेबलावरचा फोन वाजतो. जोडी बघते आणि तो स्पीकरवर टाकते.)

व्हिटलॉक : नमस्कार जोडी. आईसाहेबांशी बोलणं झालं का? सगळे जमलेत इथे, म्हणून घाई करतोय.

जोडी : ती इथेच आहे. ऐकतेय.

व्हिटलॉक : अरे वा. व्हर्नाबाई, आधी मनापासून अभिनंदन. तुमचा सहजपणा आम्हा सगळ्यांना फार भावला.

व्हर्ना : फार भावला म्हणूनच थोडा कापताय वाटतं?

व्हिटलॉक : कापत नाही हो. थोडं आवरतोय. ओटा, बाटली, तुमचं ते बोलणं, सगळं ठेवतोय. शेवटचा भाग तेवढा वगळू. वाइनमध्ये बर्फ म्हणजे, तुम्हाला राग नको, पण पाहुण्यांना चुकीचा धडा जातो. आमची जबाबदारी आहे ना, लोकांची अभिरुची घडवायची.

व्हर्ना : व्हिटलॉकसाहेब, एक विचारू? तुम्ही घरी वाइन कशी पिता?

व्हिटलॉक : म्हणजे, योग्य तापमानाला, योग्य ग्लासात…

व्हर्ना : कुणाबरोबर?

व्हिटलॉक : मी समजलो नाही.

व्हर्ना : राहू द्या. मला धडा द्यायचा नव्हता कुणाला. तुम्ही विचारलंत कशी पिता, मी दाखवलं. आता तुम्हीच म्हणताय, अशी नाही, दुसरी कशी तरी पिऊन दाखवा. मग ते आधीच लिहायचं होतं, की घरी व्हिटलॉकसाहेब पितात तशी पिऊन दाखवा. मी भागच घेतला नसता.

व्हिटलॉक : आपण विषय भलतीकडे नेताय. जोडी, तुम्ही जाणकार आहात. तुम्ही समजावा ना त्यांना.

जोडी : समजावलं सर. बराच वेळ समजावलं. आता माझीच समजूत पटलीय.

व्हिटलॉक : म्हणजे?

जोडी : म्हणजे दाखवायचा तर बर्फासकट. नाहीतर दाखवू नका.

व्हिटलॉक : जोडी, तुमचे मालक इथे माझ्या शेजारी बसलेत.

जोडी : बरं झालं. म्हणजे मला परत सांगायला नको. सर, लोकांनी मतं दिली ती पूर्ण व्हिडिओला. अर्ध्याला नाही. त्यांनी बर्फ बघितला आणि तरी दिली. किंबहुना बर्फ बघितला म्हणूनच दिली. खाली लिहिलेलं वाचून दाखवा एकदा सगळ्यांना, मोठ्यानं.

व्हिटलॉक : मग माझा नाइलाज आहे. हा व्हिडिओ स्पर्धेतून बाजूला ठेवावा लागेल. पहिला नंबर डॉक्टरांना जाईल. व्हर्नाबाई, शेवटचं विचारतो.

व्हर्ना : डॉक्टरांना माझं अभिनंदन सांगा. आणि म्हणावं, ग्लास जरा हळू हलवा, शर्टावर सांडते.

व्हिटलॉक : ठीक आहे. नमस्कार.

जोडी : ठेवला फोन.

व्हर्ना : ठेवू दे. तू कशाला मध्ये पडलीस? माझं एकटीचं होतं ते. उद्या कामावर जायचंय तुला.

जोडी : जाईन. काय म्हणतील ते म्हणतील. नाकाला काम मिळतं कुठेही. आज निदान उघडं आहे माझं.

व्हर्ना : मालकाचा तो परत विचार करायचा विचारही गेला.

जोडी : गेला.

व्हर्ना : मग ऐक. मी हरले. शब्द म्हणजे शब्द. दाराशी खुंटीवर कात्री आहे, ऑरिनची. घे. वरचा तुकडा तुझा आजपासून. रडणार नाही, भांडणार नाही. उपटायला माणसं आणशील त्या दिवशी मी बहिणीकडे जाईन, तेवढं आधी कळव.

जोडी : आण.

व्हर्ना : तूच घे. मी तिथवर जाऊन तुझ्या हातात ठेवणार नाही. तेवढी चांगली नाही मी.

जोडी : घेतली. जड आहे गं. मूठ किती झिजलीय हिची. अंगठ्याची जागा दिसते.

व्हर्ना : डावखुरा होता. तुझ्यासारखा.

जोडी : साच्यात अजून आहेत का खडे?

व्हर्ना : असतील एक-दोन. का?

जोडी : ग्लास काढ. जॅमचे.

व्हर्ना : भरदुपारी? तुला चालतं का गोड? तुमच्याकडे थुंकून टाकतात ना प्रत्येक घोट.

जोडी : ही नाही थुंकत. ओत.

व्हर्ना : घे. बोटानंच ढवळ, चमचे सगळे जॅममध्ये आहेत.

जोडी : आई…

व्हर्ना : काय? आला का वास?

जोडी : आला.

व्हर्ना : कसला? तुमच्या भाषेत नको सांगू. फुलं नि दगड नकोत.

जोडी : बाबांच्या जॅकेटचा. तोडणीच्या दिवसांतला.

व्हर्ना : पी मग. कोमट झाली की मजा नाही.

जोडी : छाटणीला कधी हात घालायचा?

व्हर्ना : कसली छाटणी? तू उपटणार होतीस.

जोडी : तुकडा माझा आहे ना आता? मग मी ठरवीन. विकायचं कुणाला ते बघू. त्या बाईनं विचारलंय, मिळते कुठे म्हणून. तिला उत्तर द्यायचंय अजून. छाटणी कधी?

व्हर्ना : पानं गळू देत सगळी. थंडी लागून लाकूड पिकू दे. जानेवारीच्या आत नाही. आणि हातमोजे चांगले घे, दुकानातले ते फुलाफुलांचे नकोत.

जोडी : एका काडीवर फुटव्याचे डोळे किती ठेवायचे? बाबा शिकवायला निघाले की मी पळायचे. काहीच येत नाही मला.

व्हर्ना : दहा. आणि वर दोन.

जोडी : वर दोन कशाला?

व्हर्ना : ते हिवाळ्याचे. तो घेऊन जातो. त्याचे त्याला आधीच ठेवायचे, म्हणजे आपले आपल्याला राहतात.